ठोका चुकतो तेव्हा

(अकोला येथील कार्यकर्ता शिबिरात एका भगिनीने केलेले भाषण. उपस्थितांच्या आग्रहावरून ते येथे देत आहोत.)



मला आलेल्या पत्रात विषय लिहिला होता 'कार्यकर्त्याचं आरोग्य'. या विषयावर दरवर्षी कोणी तरी बोलतं, आपण माना डोलावतो, जेवतो आणि संध्याकाळच्या गाडीने आपापल्या गावी परततो. म्हणून या वेळी मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, आणि ती माझ्या स्वतःच्या छातीतली आहे. गेली सहा वर्षं माझं हृदय अधूनमधून ताल सोडून चालतं. त्या ठोक्यांनी मला जेवढं छळलं नाही तेवढं त्यांच्या भीतीने छळलं. भीती कशी आवरायची ते मी हळूहळू शिकले, पण अर्धवट शिकले, आणि त्या अर्धवट शिकण्यामुळे एका कोरकू बहिणीच्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झाली. ती चूकही आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

पहिल्या वेळेची गोष्ट आधी सांगते. आम्ही धारणीकडून परत येत होतो. हरिसाल मागे पडलं होतं, सेमाडोह यायचं होतं. दिवेलागणीची वेळ, दोन्ही बाजूंना सागाचं रान आणि मोबाईलला रेंज नाही. काही कारण नसताना छातीत एकदम गडबड सुरू झाली. ठोके जोरात पडत होते म्हणावं तर तसंही नव्हतं. दोन पडायचे, एक गळायचा, मग चार घाईने, मग मध्येच पोकळी. मनगटावर बोटं ठेवली तर नाडीला काही हिशोबच नाही. हात गार पडले, तोंड कोरडं झालं, बोटांना मुंग्या आल्या. मुलीची दहावीची परीक्षा महिन्यावर होती, आणि माझ्या मनात एकच विचार, की आता या घाटातच संपलं.

गाडी चालवणारे भाऊ म्हणाले, "ताई, गॅस झाला असन. थांबवू का गाडी?" आपल्या वऱ्हाडात छातीच्या कुठल्याही दुखण्याचं पहिलं नाव 'गॅस' असतं. वाटेत एका आरोग्य केंद्रात थांबलो. तिथल्या सिस्टरने बसवलं, पाणी दिलं, हात धरून नाडी मोजली. परतवाड्याला पोहोचेपर्यंत सगळं आपोआप शांत झालं. तिथे ईसीजी काढला, तो अगदी स्वच्छ आला. सगळ्यांना आनंद झाला, मला मात्र झाला नाही. कारण मला जे झालं ते खरं होतं, आणि कागदावर तर काहीच नव्हतं.

या दुखण्याचा हा मोठा त्रास आहे. ते येतं आणि जातं. डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा हृदय शहाण्या मुलासारखं वागतं. पुढे दोनदा असंच झालं. शेवटी अमरावतीच्या डॉक्टरांनी चोवीस तास छातीला लावून ठेवायचं छोटं यंत्र दिलं, त्याला होल्टर म्हणतात, आणि त्यात ते सापडलं. नाव कळलं, एट्रियल फिब्रिलेशन.

हे नाव सोपं करून सांगते. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक छोटी जागा असते. तिथून विजेचा बारीक इशारा निघतो आणि त्या इशाऱ्यावर सगळं हृदय आकुंचन पावतं. विश्रांतीत असताना मिनिटाला ६० ते १०० वेळा, दिवसाकाठी साधारण एक लाख वेळा. तुम्ही कोरकूंचा सुसून नाच पाहिला आहे. एक ढोलकीवाला ताल धरतो आणि सगळी रांग त्याच्या मागे पाय टाकते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांत एका ढोलकीऐवजी शेकडो ढोलक्या एकाच वेळी वाजू लागतात. खालचे कप्पे बिचारे त्यांतला मिळेल तो ठोका उचलतात, म्हणून नाडी बेहिशोबी होते.

पण प्रत्येक चुकलेला ठोका म्हणजे हा आजार नव्हे. निरोगी माणसाचंही हृदय अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी टाकतं. मग क्षणभर थांबतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. काळजाचा ठोका चुकला असं आपण म्हणतो, ते पुष्कळदा एवढंच असतं. रक्त कमी असेल, थायरॉईड वाढलेलं असेल, ताप असेल, झोप झाली नसेल, दारू किंवा तंबाखू जास्त झाली असेल, तरीही धडधड होते. मेळघाटात रक्तक्षय किती आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. सिकलसेलचे रुग्णही आपल्या भागात आहेत. म्हणून धडधडीचं कारण यंत्राने आणि रक्ताच्या तपासणीने शोधायचं असतं, अंदाजाने नव्हे.

या ईसीजीची एक गोष्ट मला फार आवडते. हे यंत्र कामाला लावणारे विलेम आइंटहोवन १८६० साली जावा बेटावरच्या सेमारंग गावी जन्मले. पुढे हॉलंडमधल्या लायडनला प्राध्यापक झाले. त्यांचं पहिलं यंत्र पावणेतीनशे किलोच्या आसपास होतं, आणि रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. अवजड यंत्र दवाखान्यात नेता येईना, म्हणून १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या दवाखान्यातून टेलिफोनच्या तारेने रुग्णाच्या हृदयाचा आलेख आपल्या प्रयोगशाळेत आणला. पुढच्या वर्षी त्यांनी जे आलेख छापले त्यांत अनियमित नाडीचाही आलेख होता. १९२४ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. आज खेड्यातली सिस्टर ईसीजीच्या कागदाचा फोटो काढून मोबाईलवर शहरातल्या डॉक्टरांना पाठवते. रुग्ण दूर असला तरी त्याचं हृदय डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं, ही कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीचीच आहे. आपल्याला ती फक्त रानात रेंज मिळेल तिथे उभं राहून करावी लागते.

आता भीतीकडे येते. आपल्या भाषेत काळीज आणि काळजी हे शब्द किती जवळ बसले आहेत पाहा. भीती वाटली की शरीर ॲड्रेनालिन नावाचा रस रक्तात सोडतं. वाघ समोर आला तर पळता यावं म्हणून ही सोय आहे. त्याने हृदय वेगाने चालतं, श्वास वाढतो, हात गार पडतात. पण इथे वाघ बाहेर नसतो. ठोका चुकतो, आपण घाबरतो, ॲड्रेनालिन सुटतं, त्याने ठोके आणखी वाढतात, ते जाणवून आपण आणखी घाबरतो. घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरणं सुरू होतं. भरभर श्वास घेतल्याने बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि आपल्याला वाटतं की मरणाचीच ही खूण आहे. घाटात मला ज्या मुंग्या आल्या होत्या त्या हृदयाच्या नव्हत्या, माझ्या श्वासाच्या होत्या. हे कळायला मला वर्ष लागलं.

मधल्या काळात मी काय काय केलं ते ऐका. करोनाच्या दिवसांत घरात आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर उशाशी घेऊन झोपू लागले. रात्रीतून तीस-चाळीस वेळा बोट घालायचे. आकडा ७८ आला की बरं वाटायचं, ९६ आला की पुन्हा घालायचे, आणि पाहता पाहता तो ११० व्हायचा. आकडा वाढवत होते मीच. चढ चढणं सोडलं. मेळघाटच्या फेऱ्या सहकाऱ्यांच्या गळ्यात टाकल्या. मला भीती वाटते असं कोणाला म्हटलं नाही, कार्यालयात कामं आहेत असं म्हटलं. आजार महिन्यातून दोन तास येत होता, भीती मात्र महिनाभर मुक्कामाला होती.

आणि त्यावर आणखी एक ओझं, लाज. मी धर्मशिक्षणाची पदविका घेतलेली बाई. दुसऱ्यांच्या खाटेजवळ बसून मी प्रार्थना करते, आणि मलाच मरणाची अशी धास्ती? एका वडीलधाऱ्यांजवळ बोलले तर ते म्हणाले, "ताई, तुमची प्रार्थना कमी पडते." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या रात्री मी ठोक्यांना भ्याले आणि देवालाही भ्याले.

मग एकदा एलीयाची गोष्ट पुन्हा वाचली. एवढा मोठा संदेष्टा, जिवाच्या भीतीने रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि मला आता मरण दे असं म्हणाला. देवाने त्याला तेव्हा प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं. उठवून भाकर आणि पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. वाटचालीचं बोलणं त्यानंतर. गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः किती व्याकूळ झाला, आणि जवळ जागे राहा असं त्याने मित्रांना सांगितलं, हेही आपण दरवर्षी वाचतो. भीती वाटणं हे पाप असतं तर ती बाग शुभवर्तमानात आली नसती. एवढं समजल्यावर माझ्या पाठीवरची लाज उतरली. औषध घ्यायला आणि मदत मागायला मी त्यानंतर मोकळी झाले.

डॉक्टरांनी इको केला. झडपा चांगल्या निघाल्या. थायरॉईड, साखर, रक्तदाब ठीक. ठोक्यांचा वेग आवरणारी गोळी सुरू झाली. या आजारात रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाण्याची भीती असते, म्हणून काहींना रक्त पातळ करणारं औषध लागतं. वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात असा हिशोब करून डॉक्टर ते ठरवतात. माझा हिशोब कमी आला, मला सध्या ते नाही. आणि डॉक्टरांनी मला एक वाक्य सांगितलं, की तुमचा हा त्रास त्रासदायक आहे, पण तो आला म्हणजे तुम्ही त्या रात्री मराल असं नाही. ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

त्रास आला की मी काय करते ते आता सांगते. यात जादू काही नाही, आणि माझी तपासणी झाली आहे म्हणूनच मी हे करते, हे ध्यानात ठेवा.

पहिलं, जिथे असेन तिथे बसते. पाठ टेकवते, पाय जमिनीवर. मग मनात त्याचं नाव घेते, 'हे ते आहे, ओळखीचं आहे.' नाव घेतलं की ते भुतासारखं राहत नाही.

दुसरं, घड्याळ पाहून एकदाच नाडी मोजते, पूर्ण एक मिनिट. आकडा आणि वेळ वहीत लिहिते. अर्ध्या तासाआधी पुन्हा मोजत नाही. ऑक्सिमीटर मी शेजारणीच्या कपाटात ठेवायला दिलं आहे. ठोके अनियमित असताना त्याचा आकडा नुसता उड्या मारतो, आणि त्याच्याबरोबर आपलं मनही.

तिसरं, श्वास. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांब असला पाहिजे, आतला जोर लावून घ्यायचा नाही. पाच मिनिटं. यामुळे फिब्रिलेशन थांबतंच असं नाही, पण माझी घाई थांबते. काही जणांना तोंड बंद करून जोर लावायची किंवा पाय वर उचलायची युक्ती डॉक्टर शिकवतात. ती दुसऱ्या प्रकारच्या धडधडीसाठी असते, जी एकदम सुरू होते, अतिवेगाने पण एकसारखी चालते. आपला प्रकार कोणता हे कळल्याशिवाय ती करू नये.

चौथं, बाहेर बघते. छातीकडे कान लावून बसलं की ठोके मोठे ऐकू येतात. म्हणून समोरच्या पाच वस्तू पाहते आणि त्यांची नावं घेते. मडकं, खाट, कोंबडी, दोरी, चूल. हातात काम घेते, शेंगा सोलते, लसूण निवडते.

पाचवं, एका माणसाला सांगते. घरी असेन तर आमच्या ह्यांना, गाडीत असेन तर चालकभाऊंना. एवढंच सांगायचं, "मला तो त्रास सुरू झाला आहे, मी बसते, अर्ध्या तासाने विचारा." पूर्वी मी लपवायचे, आणि लपवायला जी ताकद लागते ती सगळी भीतीला मिळायची.

आणि सहावं, थांबलं की पुन्हा कामाला लागते. दिवसभर निजून राहत नाही. हे सगळ्यात कठीण होतं. पुन्हा सेमाडोहच्या घाटातून गेले तेव्हा पहिल्या दोन फेऱ्यांत घाम फुटला. पाचव्या फेरीला मला रस्त्यातले मोर दिसले.

आता त्या बहिणीची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी मेळघाटातल्या एका पाड्यावर बचत गटाची बैठक होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची एक कोरकू बाई, मांडीवर आठ महिन्यांचं बाळ. बैठक संपल्यावर माझ्याजवळ आली. नवरा वीटभट्टीवर गेलेला, होळीलाच परत येणार. ती म्हणाली, "बाई, छातीत चिडी फडफडते. रातच्याले जास्त. पाण्याचा गुंड घेऊन टेकडी चढली का दम लागते."

माझा जीव तिच्याकडे ओढला गेला, कारण ती चिडी माझ्या ओळखीची होती. मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, घाबरू नको, मलाही होतं, एकटी आहेस म्हणून काळजीने होतं. चार अंक आत, सहा अंक बाहेर शिकवलं. तिने मन लावून केलं. तिच्यासाठी प्रार्थना केली आणि मी गाडीत बसले. परतताना मला समाधान वाटत होतं, आपलं दुखणं कोणाच्या तरी उपयोगी पडलं म्हणून.

मी तिची नाडी मोजली नाही. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे विचारलं नाही. टेकडी चढताना दम लागतो असं तिने सांगितलं, ते मी ऐकलं आणि सोडून दिलं.

तीन आठवड्यांनी गावातल्या आशाताईचा निरोप आला. पाय सुजले होते, रात्री आडवं झालं की खोकला येत होता, बसून रात्र काढत होती. आरोग्य केंद्राच्या सिस्टरने छातीला नळी लावताच १०८ ला फोन केला. धारणीहून अमरावती. इकोत दिसलं, की हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप आकसून गेली आहे. जे मला होतं तेच एट्रियल फिब्रिलेशन तिलाही होतं. पण माझं चांगल्या झडपांवर होतं, तिचं आकसलेल्या झडपेवर. आवाज सारखा, दुखणं वेगळं.

ही झडप अशी का होते? पाच ते पंधरा वर्षांच्या वयात घसा येतो. त्यातल्या काही घशांत स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू असतो. वेळेवर पेनिसिलिन मिळालं नाही तर काही मुलांना पुढे दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे, घोटे, कोपरं एकामागून एक सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपेवर व्रण राहतो. पुन्हा घसा, पुन्हा ताप, आणि व्रण वाढत जातो. मोठेपणी, पुष्कळदा बाळंतपणात, जेव्हा हृदयावर भार वाढतो, तेव्हा तो बाहेर पडतो. हे संधिवाताचं हृदय आहे, काळजीचं नव्हे. लवकर कळलं तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन झडप वाचवता येते. शाळा-अंगणवाडीत मुलं तपासायला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक हा आजारही पाहतं. पथक येईल त्या दिवशी आपल्या वस्तीतली मुलं शेळ्यांमागे रानात जाऊ नयेत, एवढं तर आपण करू शकतो.

त्या बहिणीची झडप नागपूरला फुग्याने रुंद केली. मांडीच्या शिरेतून नळी घालून करतात. पैशाचा प्रश्न जन आरोग्य योजनेने सुटला. तुम्हाला आठवत असेल, २०१२ च्या जुलैमध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला अमरावती जिल्हा होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुलेंचं नाव आहे. कागदपत्रं तयार नसल्यामुळे आपले लोक परत येतात. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवून ठेवणं हेही हृदयाचंच औषध आहे, असं मी आता म्हणते.

झडप आकसलेली असून ठोके अनियमित असतील, तर वय कितीही कमी असो, रक्त पातळ करणारं औषध लागतं. तिला वॉरफरिन सुरू आहे. नवीन औषधं निघाली आहेत, ज्यांना रक्ततपासणी लागत नाही, पण २०२२ मध्ये २४ देशांतल्या साडेचार हजारांवर अशा रुग्णांवर झालेल्या अभ्यासात जुनं औषधच सरस ठरलं. त्याला आयएनआर नावाची तपासणी नियमित लागते, आकडा साधारण दोन ते तीनमध्ये ठेवावा लागतो. त्यासाठी ती दर महिन्याला बाळ घेऊन एसटीने येते. दुखण्याची गोळी दुकानातून मनाने घ्यायची नाही, मोहाची दारू नाही, आणि पुन्हा दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं, कारण हे औषध पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. हे सगळं आशाताईने तिला कोरकूत समजावलं. मराठीत सांगून तिला अर्धंच कळलं होतं.

मी तिला भेटायला गेले आणि माफी मागितली. तिला माफी कशाची ते लवकर कळेना. ती म्हणाली, "बाई, तू तर जवळ बसली होती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पन दवाखान्यात नेलं असतं तर बरं झालं असतं." दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी दोन्ही बरोबर घेऊन फिरते.

म्हणून माझं सांगणं आहे, की भीतीवरचा उपाय तपासणीच्या नंतर येतो, तिच्या जागी येत नाही. धडधड सांगणाऱ्या माणसाला आपण आधी चार प्रश्न विचारावेत. चालताना किंवा आडवं झाल्यावर दम लागतो का? छातीत दाबल्यासारखं दुखतं का? कधी चक्कर येऊन पडलात का? लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? बाई गरोदर किंवा ओली बाळंतीण असेल तर प्रश्नही नकोत, दवाखाना. एक जरी 'हो' आलं तर त्याच दिवशी ईसीजी. कोणी भूमकाकडे जाऊन येत असेल तर भांडू नका, पण तिथून पुढे दवाखान्यापर्यंत आपण सोबत जाऊ.

आणि काही खुणा अशा आहेत, की तिथे श्वास मोजत बसायचं नाही. बसल्या जागी धाप, शुद्ध हरपणं, छातीत कळ, विश्रांती घेऊनही नाडी १२० च्या वर टिकून राहणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं. लगेच १०८. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या पाड्यांवरून डांबरी रस्त्यालाच कधी तास जातो. म्हणून 'सकाळी पाहू' हे वाक्य अशा वेळी कोणीही म्हणू नये.

तपासणी झाली, औषध चालू आहे, तरी भीती जात नाही, असं असेल तर तेही आजारच समजून बोला. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फोन फुकट लागतो. मी स्वतः दोनदा लावला आहे. पाळक साहेबांशी बोला, पण डॉक्टरांशीही बोला.

ती बहीण अजूनही रात्री कधी कधी घाबरते. चिडी पूर्ण उडून गेलेली नाही. आशाताई आणि तिचं ठरलं आहे, की फडफड सुरू झाली की शेजारच्या पोराला आशाताईच्या घरी पाठवायचं. आशाताई येते, नाडी मोजते, वहीत लिहिते, वर सांगितलेल्या खुणा पाहते. खूण नसेल तर दोघी दाराशी बसतात. ती श्वास मोजते, आता कोरकूत मोजते. मागच्या फेरीला मी तिची वही पाहिली. दोन महिन्यांत सात नोंदी होत्या. सहा वेळा बसून थांबलं. सातव्या वेळी नाडी १४० वर राहिली, त्या रात्री त्या दोघी अर्ध्या तासात गाडीत होत्या.

माझ्या वहीत या तिमाहीत तीन नोंदी आहेत. शेवटची काल संध्याकाळची आहे, बडनेऱ्याहून इकडे येताना रेल्वेच्या डब्यातली. समोर बसलेल्या मावशींना सांगितलं, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि मूर्तिजापूर येईपर्यंत आपल्या सुनेच्या तक्रारी ऐकवल्या. बोरगाव मंजूच्या आसपास थांबलं.

प्रभू तुम्हा सर्वांना आणि आपल्या डोंगरातल्या लेकरांना सांभाळो. सलाम.